वलय दुबळे असले तरी प्राणीपेशी दुभंगते का? जन्यपेशींच्या चालण्याविषयी

जास्वंद

अकरावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवताना केंद्रकाच्या विभाजनाला आपण चार अवस्था, चार आकृत्या आणि निदान दोन तास देतो. जीवद्रव्याच्या विभाजनाची मात्र एका वाक्यात बोळवण होते: प्राणीपेशीच्या मध्यभागी खाच पडते, ती खोल होत जाते आणि दोन जन्यपेशी तयार होतात. खाच कशामुळे पडते असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारलेच, तर पेशीपटलाच्या आतल्या बाजूला अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या तंतूंचे वलय तयार होते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ते आवळले जाते, असे सांगून आपण मोकळे होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील बझ बॉम यांच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचल्यापासून हे उत्तर मला अपुरे वाटू लागले आहे. त्यांनी माणसाच्या पेशींमधील एक्ट-२ हे प्रथिन कमी केले. वलय कोठे आणि केव्हा उभारायचे याचा संदेश पोहोचवण्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, त्यामुळे ते कमी झाल्यावर वलय धड बनत नाही. अशा पेशी चिकट द्रव्याच्या लहान ठिपक्यांवर ठेवल्या तेव्हा त्या विभागू शकल्या नाहीत. मात्र ठिपका मोठा करून जन्यपेशींना पसरायला आणि सरकायला जागा दिली, तेव्हा त्या एकमेकींपासून दूर चालत गेल्या, त्यांच्यामधला दुवा बारीक होत गेला आणि शेवटी तुटला.

माझे मत असे की, चालणे हा विभाजनानंतर घडणारा वेगळा प्रसंग नसून विभाजनाच्या यंत्रणेचाच एक भाग आहे आणि तो शिकवला पाहिजे. येथील जाणकारांना काय वाटते?

जुना_फळा

जास्वंदताई, विषय उत्तम आहे, पण नाडीला इतक्या लवकर निवृत्त करू नका. वलयाच्या बाजूचा पुरावा फार भक्कम आहे आणि तो चालू न शकणाऱ्या पेशींमधून आलेला आहे.

रे रॅपापोर्ट यांनी सँड डॉलर या सागरी प्राण्याच्या अंड्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले. खाच किती जोराने आत ओढली जाते, हे त्यांनी 1960 च्या दशकात काचेची लवचीक सुई तिच्या वाटेत ठेवून आणि ती किती वाकते ते पाहून मोजले. त्यानंतर थॉमस श्रोडर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत खाचेच्या तळाशी तंतूंचा पातळ पट्टा दाखवला. त्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतकीच होती. 1977 मध्ये माबुची आणि ओकुनो या जपानी संशोधकांनी तारामाशाच्या भ्रूणपेशींत मायोसिनविरोधी प्रतिपिंडे टोचली. परिणाम असा झाला की, केंद्रके विभागत राहिली, पण पेशी दुभंगेनात.

ही अंडी पाण्यात असतात, ती कोणत्याही पृष्ठभागावर चालत नाहीत, तरीही व्यवस्थित विभागतात. तेव्हा चालणे हा विभाजनाचा आवश्यक भाग आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. वलय मोडल्यावर पेशीला ज्याचा आधार घ्यावा लागतो तो पर्यायी मार्ग, इतकेच त्याचे स्थान मला दिसते.

भिंगरी

सकाळी चालायला जाण्याचे फायदे डॉक्टरांकडून इतके ऐकले आहेत, पण हा कोणी सांगितला नव्हता.

तळ्याकाठी

जुना_फळा सरांचा पुरावा मान्य आहे, तरी ‘पर्यायी मार्ग’ या शब्दांवर थोडे थांबू या, कारण या प्रश्नाचा इतिहास अंड्यांपेक्षा डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबापासून अधिक चांगला उलगडतो.

1987 मध्ये दोन गटांनी या अमीबातील मायोसिन-२, म्हणजे वलय आवळणारे मायोसिन, निकामी केले. एका गटाने जनुकच तोडले, तर दुसऱ्याने उलट्या क्रमाच्या आरएनएने त्याचे काम थांबवले. 1989 मध्ये ते जनुक संपूर्ण काढून टाकलेले वाणही तयार झाले. हे अमीबा हलत्या फ्लास्कमध्ये, म्हणजे द्रवात तरंगत वाढवले की ते दुभंगत नाहीत, एकेका पेशीत केंद्रकांची गर्दी होते आणि अखेर त्या पेशी मरतात. तेच अमीबा प्लास्टिकच्या डिशमध्ये ठेवले की तळाला चिकटतात, पसरतात आणि विभागतात. जनुक तेच, पोषणद्रव्य तेच. फरक एवढाच की पायाखाली जमीन आली.

आरंभी याचा अर्थ असा लावला गेला की, अनेक केंद्रकांची पेशी वेगवेगळ्या दिशांना चालू लागते आणि त्या ओढाताणीत तिचे तुकडे पडतात. असे घडतेही. परंतु 1997 मध्ये जर्मनीतील गेरिश यांच्या गटाने दाखवले की, पृष्ठभागावर असलेल्या मायोसिन-२ विरहित पेशी केंद्रक विभागत असतानाच, योग्य वेळी आणि योग्य जागी, जवळजवळ नेहमीसारखी खाच पाडून दुभंगतात. म्हणूनच पुढे जपानमधील उएदा यांच्या गटाने तीन प्रकार वेगळे केले. ‘अ’ प्रकार मायोसिनच्या जोरावर चालतो आणि त्याला पृष्ठभाग लागत नाही. ‘ब’ प्रकाराला पृष्ठभाग लागतो, मायोसिन-२ लागत नाही, पण तो पेशीचक्राशी बांधलेला असतो. ‘क’ म्हणजे पेशीचक्राशी संबंध नसताना चालता चालता होणारे तुकडे.

जास्वंदताईंचा प्रश्न खरे तर ‘ब’ विषयी आहे. ‘क’ ला अपघात म्हणायला माझी हरकत नाही, ‘ब’ ला मात्र आहे.

उंबर

एक तांत्रिक आक्षेप नोंदवतो. डिक्टिओस्टेलियम हा प्राणी नाही. त्याचा वंश प्राणी आणि कवके एकमेकांपासून वेगळे होण्याच्याही आधी फुटला आहे. चर्चेच्या शीर्षकात ‘प्राणीपेशी’ आहे, तेव्हा अमीबाच्या पुराव्यावर प्राण्यांचा निकाल लावू नये.

कल्चर_रूम

उंबर यांच्या आक्षेपाला जोडून माझी एक शंका, जी रोज पेशी वाढवणाऱ्या कोणालाही येईल.

चिकटून वाढणाऱ्या पेशी विभाजनाच्या वेळी गोल होतात. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सभोवतालच्या सपाट, फिकट पेशींमध्ये त्या चकाकत्या मण्यांसारख्या उठून दिसतात. त्यांची तळावरची पकड इतकी सैल होते की, फ्लास्कला बाजूने टपली मारली तर नेमक्या त्याच पेशी सुटून द्रवात येतात. नुसत्या विभागणाऱ्या पेशी गोळा करायच्या असतील तर हीच पद्धत पूर्वापार वापरली जाते. आता जी पेशी टपलीने सुटते, ती तळाला धरून स्वतःला दोन बाजूंना ओढणार कशी? एका हाताने पकड सोडायची आणि दुसऱ्या हाताने तिच्याच बळावर विभागायचे, हे मला जुळत नाही.

एक व्यावहारिक सूचनाही करून ठेवतो. ब्लेबिस्टॅटिन हे मायोसिन-२ चे रोधक वापरून हे कोणी स्वतः पाहणार असेल, तर निळ्या प्रकाशात चित्रण करू नये. निळ्या प्रकाशाने ते निष्प्रभ होते आणि पेशींना अपायही होतो. मग जे दिसले ते औषधामुळे की प्रकाशामुळे, हे सांगता येत नाही. तांबडा फिल्टर लावावा.

जास्वंद

कल्चर_रूम, आपल्या शंकेचे उत्तर त्याच 2018 च्या अभ्यासात आहे आणि मला तोच भाग सर्वांत सुंदर वाटला.

पेशी गोल होताना तिच्या पकडीच्या दोन थरांपैकी एकच सुटतो, असे त्यांना दिसले. पकडीच्या ठिकाणी आतल्या बाजूला प्रथिनांचा जो मोठा संच असतो, तो विखुरतो. पटलातून आरपार जाऊन तळाला धरणारी इंटेग्रिन ही प्रथिने मात्र जागच्या जागी राहतात. पेशीचे मुख्य अंग आत ओढले जाते, पण पूर्वी जेथपर्यंत ती पसरली होती तेथपर्यंत तिचे बारीक धागे तळाला चिकटून उरतात. टपली मारल्यावर हे धागे तुटतात म्हणून पेशी सुटते; टपली मारली नाही तर ते विभाजन संपेपर्यंत टिकतात. गुणसूत्रे दोन टोकांना गेल्यावर जन्यपेशी नव्याने वाट शोधत नाहीत, तर याच उरलेल्या धाग्यांवरून आपापल्या बाजूला परत पसरतात.

या पेशी प्राण्याच्या, म्हणजे माणसाच्याच असल्यामुळे उंबर यांच्या आक्षेपाचेही निरसन व्हावे.

उंबर

प्राण्याच्या असण्याबद्दलचा आक्षेप मागे. आता दुसरा घ्या.

उएदा यांच्याच गटाने 2005 मध्ये एचटी-१०८० या माणसाच्या अर्बुदातून (कर्करोगाच्या गाठीतून) आलेल्या पेशींवर काम केले. त्यांनी वलयाच्या नियंत्रणातील ऱ्हो हे प्रथिन रोखले, तरीही चिकटलेल्या पेशी दोन्ही टोकांना पातळ, पसरट पदर काढून दूर सरकल्या आणि विभागल्या. आतापर्यंत सर्व आपल्या बाजूचे आहे. परंतु त्या प्रकारच्या विभाजनात टोकांचे हे पदर नीट निघण्यासाठी आणि दोन्ही टोकांची दिशा टिकण्यासाठी एक्ट-२ आवश्यक असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपण सांगत असलेल्या अभ्यासात तेच एक्ट-२ कमी केल्यावरही पेशी चालून विभागतात. मग एक्ट-२ चालण्याला लागते की लागत नाही?

तळ्याकाठी

प्रश्न अगदी नेमका आहे. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी खरी असू शकतात, कारण पेशी वेगळ्या आहेत आणि वलय बिघडवण्याची रीतही वेगळी आहे. 2018 च्या अभ्यासातील आरपीई-१ या पेशी दृष्टिपटलामागील रंगद्रव्याच्या थरातून आलेल्या आहेत आणि अर्बुदी नाहीत. त्यांना परत पसरण्यासाठी जुने धागे आधीच दोन दिशांना ताणून ठेवलेले असतात, त्यामुळे दिशा ठरवण्याचे काम काही अंशी तळावर लिहून ठेवलेले असते. ज्या पेशीला असा आधार कमी, तिला आतून दिशा देणाऱ्या प्रथिनाची गरज जास्त भासणार. हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे.

वैद्यबुवा

रोगनिदानशास्त्राच्या अंगाने थोडी भर घालतो.

शरीरातील अनेक पेशींना जगण्या-वाढण्यासाठी चिकटायला आधार लागतो, हे आम्ही शिकतो. विभाजनाची नेमकी कोणती पायरी आधाराविना अडते याकडे मात्र कमी लक्ष दिले जाते. उंदराच्या अंडाशयातील बीजपुटकाच्या पेशींना दुभंगण्यासाठी फायब्रोनेक्टिन या पेशीबाहेरील चिकट प्रथिनाचा आधार लागतो, हे 1979 मध्येच दाखवले गेले होते. 1981 मध्ये बेन-झेएव आणि राझ यांनी तरंगत ठेवलेल्या पेशींमध्ये अनेक केंद्रके साचतात आणि पृष्ठभाग परत मिळाल्यावर दुभंगणे पुन्हा सुरू होते, असे नोंदवले. तळ्याकाठी यांनी अमीबाचे जे वर्णन केले, तेच हे चित्र प्राणीपेशीत आहे आणि ते अमीबाच्या आधीचे आहे.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. माणसाच्या साध्या तंतुपेशी तरंगत्या अवस्थेत दुभंगताना अडखळतात. त्यांच्यात रास हे अर्बुदकारक जनुक कार्यरत केले की आधाराविनाही दुभंगू लागतात, असे 2007 मध्ये दिसून आले. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून रक्तातून फिरतात, तेथे त्यांना चालायला तळ नसतो. तेव्हा ‘विभागण्यासाठी पाय टेकायला जागा हवी’ ही अट शरीराच्या दृष्टीने एक पहारा असू शकते आणि काही अर्बुदे तो पहारा चुकवतात.

मात्र दोन केंद्रके दिसली की रोग, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. निरोगी यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी भरपूर असतात.

भिंगरी

शेवटच्या वाक्याबद्दल आभार. मी एव्हाना यकृताच्या तपासणीची वेळ घेणार होते.

जुना_फळा

वैद्यबुवांच्या प्रतिसादानंतर ‘पर्यायी मार्ग’ हे शब्द मी ‘सहायक मार्ग’ असे बदलायला तयार आहे, कारण आरपीई-१ पेशींमध्ये सर्व प्रथिने शाबूत असतानाही त्यांना तळावरून उचलले तर विभाजन फसते, असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. म्हणजे या पेशींना वलय धडधाकट असतानाही पायाखालचा आधार लागतो. हीच गोष्ट अर्चिनच्या अंड्याला लागू नाही. दोन्हींना ‘प्राणीपेशी’ हे एकच नाव देऊन आपण वर्गात एकच आकृती काढतो, खरा घोळ तेथे आहे.

कल्चर_रूम

इंटेग्रिनचे उत्तर पटले. आता मी उलट्या बाजूने एक पाचर मारतो, कारण या चर्चेत ओढणे जितके अधिक तितके विभाजन चांगले असा सूर लागला आहे.

खाच पूर्ण आवळली गेली तरी दोन पेशी लगेच वेगळ्या होत नाहीत. त्यांच्यामध्ये एक अतिशय बारीक पूल उरतो, त्यात सूक्ष्मनलिकांचा जुडगा असतो आणि मधोमध एक गडद ठिपका दिसतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो ओळखू येतो. माणसाच्या कर्करोगातून आलेल्या हेला पेशींमध्ये हा पूल तासभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. पुलाचे अखेरचे कापणे ईएससीआरटी-३ नावाच्या प्रथिनसंचाकडून होते. हे 2007 मध्ये स्पष्ट झाले.

2013 मध्ये फ्रान्समधील एका गटाने हेला पेशींचा हा पूल पाहिला, तेव्हा अपेक्षेच्या उलट चित्र दिसले. जन्यपेशी जितक्या जोराने दूर खेचत होत्या, तितके कापणे लांबत होते. गर्दीत, म्हणजे जेथे हालचालीला वाव कमी तेथे, ते लवकर होत होते. त्यांनी लेसरने पुलाची एक बाजू तोडून ताण सोडला, तर ईएससीआरटी-३ जमा झाले आणि दुसऱ्या बाजूचे कापणे पार पडले. म्हणजे अखेरच्या पायरीला ताण नको, ढील हवी.

जास्वंद

हे माझ्या मताला छेद देणारे आहे. मग मोठ्या ठिपक्यावर चालून दुवा तुटला, त्याचे काय?

कल्चर_रूम

दोन वेगळ्या पायऱ्यांबद्दल आपण बोलत आहोत, असे मला वाटते. वलय दुबळे असेल तर मधला भाग रुंद राहतो, तो बारीक करण्याचे काम चालण्याला करावे लागते आणि तेथे ओढण्याचा फायदा होतो. वलय धडधाकट असेल तर मधला भाग आधीच बारीक झालेला असतो. त्यानंतर पुलावर प्रथिने रचून तो नीट कापायचा असतो आणि तेथे ओढण्याचा अडथळा होतो. चालण्याने मदत होते की नाही, याचे उत्तर ‘कोणत्या घटकेला’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

तळ्याकाठी

ओढण्याचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो, विषय सोडत नाही.

एंटअमीबा इन्व्हाडेन्स हा सरपटणाऱ्या प्राण्यांतील परजीवी आहे. तो विभागताना दोन्ही जन्यपेशी विरुद्ध दिशांना चालत जातात, मधला धागा लांबत जातो, पण पुष्कळदा तुटत नाही आणि कधी कधी दोघी दमून परत एक होतात. इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील संशोधकांनी 2001 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात असे नोंदवले की, अशा वेळी जवळचा तिसराच अमीबा थेट त्या दोघींकडे येतो आणि मधल्या धाग्यात घुसून तो तोडतो. विभागणाऱ्या पेशीजवळचा द्रव सूक्ष्म नळीने ओढून दुसरीकडे सोडला तर अमीबा त्याच्या मागे येतात, म्हणजे बोलावणे रासायनिक आहे. त्यांनी या तिसऱ्या पेशीला सुईण म्हटले. पुढे डिक्टिओस्टेलियममध्येही 2008 मध्ये असाच प्रकार आढळला.

येथे मदत चालण्याचीच आहे, फक्त चालणारी पेशी परकी आहे.

भिंगरी

बोलावल्याबरोबर येणारी आणि बिदागी न मागणारी.

उंबर

हे दोन्ही जीव प्राणी नाहीत, हे मी पुन्हा सांगत नाही.

जास्वंद

सर्वांचे आभार. मूळ प्रश्न वर्गात काय सांगायचे हा होता, म्हणून फळ्यावर लिहिण्यासाठी पुढील मजकूर तयार केला आहे. कृपया तपासून द्यावा.

“प्राणीपेशीत अॅक्टिन व मायोसिन यांचे वलय आवळले जाऊन खाच पडते. याच वेळी जन्यपेशी पृष्ठभागाला धरून विरुद्ध दिशांना पसरतात व सरकतात, त्यामुळे मधला भाग बारीक होण्यास मदत होते. वलय दुबळे असल्यास केवळ या हालचालीनेही पेशी दुभंगू शकते. अखेरचा पूल वेगळी प्रथिने कापतात.”

जुना_फळा

दुसऱ्या वाक्यात ‘जन्यपेशी’ च्या आधी ‘पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या पेशींमध्ये’ असे घालावे, नाहीतर अर्चिनचे अंडे आणि रक्तातील पेशी विनाकारण चालायला लागतील. आणि बटव्याची नाडी राहू द्या, ती मुलांना समजते.

कल्चर_रूम

तिसऱ्या वाक्यात ‘जागा पुरेशी असल्यास’ हे शब्द हवेत. लहान ठिपक्यावरच्या त्या पेशींच्या बाबतीत सगळा फरक जागेचाच होता. शिवाय वर्गात सूक्ष्मदर्शक असेल तर गालाच्या आतल्या पेशींमध्ये हे दाखवण्याचा प्रयत्न करू नये. त्या वरच्या थरातून गळणाऱ्या पेशी असतात आणि विभागत नाहीत. एखाद्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेकडून चलच्चित्र मागून घ्यावे. गोल होणे, उरलेले धागे, परत पसरणे आणि मधला गडद ठिपका, हे सर्व दोन मिनिटांत दिसते.

जास्वंद

दोन्ही दुरुस्त्या केल्या. चलच्चित्रासाठी आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.